कोणतं केळझर? एक नाव, एक फाईल आणि ६३ भाग

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग. बोलताना माझं 'म्हणजे', 'बरं का' जरा जास्तच होतं, ते काढलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण किल्ल्यांचा किंवा लढायांचा नाही. तुम्ही हा पॉडकास्ट ज्या फोनवर ऐकताय, त्या फोनपर्यंत तो ज्या फाईलमुळे पोचतो, त्या फाईलचा हा इतिहास आहे. तो सांगायला मी आमच्या गावापासून सुरुवात करणार आहे. आणि मध्ये एक कबुलीही आहे. या वर्षी माझ्या हातून आपल्या पॉडकास्टचा अख्खा दुसरा सीझन जवळजवळ गेला होता.

तीन केळझर

मी मूळचा केळझरचा. पुण्यात कोणाला हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'हे कुठे आलं?' आणि विदर्भातल्या कोणाला सांगितलं की प्रश्न असतो, 'कोणतं केळझर?'

प्रश्न बरोबर आहे. आमचं केळझर वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात. नागपूरहून वर्ध्याकडे निघालात की सेलूच्या आधी लागतं. टेकडीवर सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, विदर्भातल्या अष्टविनायकांमध्ये त्याची गणना होते. चतुर्थीला गर्दी बघायची असेल तर या.

दुसरं केळझर चंद्रपूर जिल्ह्यात. गोंदिया ते बल्लारशा या रेल्वेमार्गावर त्या नावाचं स्टेशनही आहे. आमच्या केळझरला स्टेशन नाही. त्यामुळे रेल्वेच्या ॲपमध्ये 'केळझर' टाकून खूश होणारा पाहुणा थेट चंद्रपूर जिल्ह्यात उतरतो. आमच्याकडे यायचं तर तिथून पुन्हा लांबचा प्रवास करावा लागतो.

तिसरं केळझर पार नाशिक जिल्ह्यात, बागलाण तालुक्यात. तिथे केळझर धरण आहे. पावसाळ्यात 'केळझर धरण भरलं' अशी बातमी आली की माझ्या ऑफिसमधला एक मित्र मला अभिनंदनाचा मेसेज पाठवतो. दरवर्षी. मी आता समजावणं सोडून दिलंय.

बरं, नुसतं 'सेलू तालुका' म्हणूनही भागत नाही. सेलू परभणी जिल्ह्यातही आहे, आणि तेही तालुक्याचंच गाव आहे. म्हणजे 'सेलूजवळचं केळझर' असं सांगितलं तरी समोरचा मराठवाड्यात शोधत बसू शकतो.

जुन्या नावाचंही तेच. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की महाभारतातली एकचक्रानगरी म्हणजे हेच गाव. पांडव वेश पालटून राहिले, भीमाने बकासुराला मारलं, ते इथेच. लहानपणी मला यात शंकाच नव्हती. मग इंजिनिअरिंगला जळगावकडचा रूममेट मिळाला. तो शांतपणे म्हणाला, 'एकचक्रा म्हणजे आमचं एरंडोल. पांडववाडा आहे ना तिथे.' पुढे कळलं की बंगालात बीरभूम जिल्ह्यातही एकचक्रा आहे. आख्यायिकेत कोण खरं यावर आज भांडायचं नाही. मुद्दा एवढाच की नाव एक आणि त्यावर हक्क सांगणारी गावं अनेक, ही अडचण मोबाईलच्या कितीतरी आधीची आहे.

आबाजी काय म्हणाले होते

आपल्या दुसऱ्या सीझनचा सातवा भाग जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. त्यात आमच्या गल्लीतले एक आजोबा बोलले होते. गावात सगळे त्यांना आबाजी म्हणायचे, मीही तेच म्हणतो. देवळाच्या पायऱ्या, जुना बाजार, बैलबंडीने वर्ध्याला जाणं, असं पाऊण तास ते बोलले. त्यातच त्यांनी एक किस्सा सांगितला होता. कोणा नातेवाइकाने लग्नपत्रिकेवर नाव आणि खाली नुसतं 'मु. पो. केळझर' एवढंच लिहिलं. पत्रिका फिरत फिरत आली तेव्हा नवरी सासरी नांदायलाही लागली होती.

आबाजी म्हणाले होते, 'केळझर म्हनलं तं कोनतं केळझर, थे सांगा लागते बाप्पा. नाव सांगून होत नाही, नावाचं घर सांगा लागते.'

तेव्हा मी हसलो होतो. आज तेच वाक्य मला या सगळ्या विषयाची सगळ्यात सोपी व्याख्या वाटते.

आबाजी मागच्या वर्षी गेले. त्यांचा आवाज माझ्याकडे त्या एकाच भागात आहे. मूळ रेकॉर्डिंग ज्या फोनवर केलं होतं, तो फोन कधीच बंद पडला.

पिन कोड: नावाचं घर

आबाजींची अडचण देशभरात सगळ्यांचीच होती. एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या लिपी, अर्धवट पत्ते. यावर उपाय काढणारा माणूस मराठी होता, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्राच्या दळणवळण खात्यात वरिष्ठ अधिकारी, आणि संस्कृतचे कवीसुद्धा. त्यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. सहा आकडे. पहिला आकडा विभागाचा, पुढचे आकडे हळूहळू आत नेणारे, आणि शेवटचे तीन थेट पोस्ट ऑफिसचे. वर्धा शहर ४४२००१, नाशिक शहर ४२२००१. आता गावाचं नाव कितीही ठिकाणी असू द्या, सॉर्टिंग करणाऱ्याला आकडा बघून कळतं की पत्र कुठल्या दिशेला टाकायचं.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पिन कोडमुळे कोणाला गावाचं नाव बदलावं लागलं नाही. 'केळझर क्रमांक दोन' असं काही झालं नाही. नाव तेच राहिलं, फक्त त्याला एक न चुकणारं शेपूट जोडलं गेलं.

आता संगणकाकडे

१९६९ च्या सुमारास आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी हे तिघे कायद्याची कागदपत्रं संगणकात ठेवायचा प्रयत्न करत होते. मजकुरात 'हे ठळक छापा' असं न लिहिता 'हे शीर्षक आहे', 'हा परिच्छेद आहे' अशा खुणा करायच्या, ही त्यांची कल्पना. त्या खुणांच्या भाषेला नाव पडलं जीएमएल. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं बघा, बरोबर तीच आहेत. त्यातून पुढे १९८६ साली एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झालं. आणि त्याचीच सोपी, इंटरनेटवर चालणारी आवृत्ती म्हणजे एक्सएमएल. १० फेब्रुवारी १९९८ रोजी डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ती अधिकृत केली.

एक्सएमएलची गंमत अशी की खुणा, म्हणजे टॅग, आपण स्वतः ठरवायचे. वेबपेजच्या एचटीएमएलमध्ये टॅगची यादी ठरलेली असते. इथे तसं नाही. तुम्हाला 'पीक' नावाचा टॅग हवा, घ्या. 'खत' हवा, घ्या. टॅगच्या आत टॅग, त्याच्या आत टॅग, डब्यात डबी ठेवावी तसं.

पण प्रत्येकाने आपापली नावं ठेवायची म्हटलं की केळझर होणारच. 'टायटल' हा शब्द घ्या. ग्रंथालयवाल्यासाठी ते पुस्तकाचं नाव. बँकेच्या फॉर्ममध्ये 'श्री' की 'श्रीमती'. वकिलाच्या फाईलीत जमिनीची मालकी. आता या तिघांची माहिती एकाच फाईलीत आली तर 'टायटल' म्हणजे कोणतं टायटल?

हे होणार याची कल्पना एक्सएमएल करणाऱ्यांना होती. म्हणून १९९८ च्या मानकातच त्यांनी कोलनचं चिन्ह राखून ठेवलं होतं. टॅगच्या नावात उगाच कोलन वापरू नका, नावांच्या गटांसाठी आम्हाला तो लागणार आहे, अशा अर्थाची सूचना त्यात आहे. अकरा महिन्यांनी, १४ जानेवारी १९९९ ला, टिम ब्रे, डेव्ह हॉलंडर आणि अँड्र्यू लेमन यांनी संपादित केलेलं मानक आलं. त्याचं नाव 'एक्सएमएलमधील नेमस्पेस'. नेमस्पेस म्हणजे आबाजींच्या भाषेत नावाचं घर.

पद्धत अशी. फाईलच्या सुरुवातीला जाहीर करायचं की 'यापुढे मी आयट्यून्स असं म्हटलं की त्याचा अर्थ अमुक एक लांबलचक पत्ता.' मग खाली टॅग लिहायचा आयट्यून्स कोलन ड्युरेशन. कोलनच्या आधीचं ते टोपणनाव. खरं घर म्हणजे तो लांबलचक पत्ता.

तो पत्ता वेबसाइटसारखा दिसतो, पण प्रोग्राम तिथे कधीच जात नाही. तिथे काही उघडतं का, हेही बघत नाही. वेबसाइटचे पत्ते जगात एकाच मालकाचे असतात, म्हणून त्यांचा उपयोग फक्त वेगळेपणासाठी केला. पत्र टाकताना आपण पिन कोडवर जाऊन राहत नाही, तसं.

आणि टोपणनावाला काही किंमत नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या घरात 'मामा' म्हटलं की एक माणूस, माझ्या घरात दुसरा. घरातल्या घरात चालतं. पण सरकारी कागदावर 'मामा' लिहून चालत नाही, तिथे पूर्ण नाव लागतं. तसंच एका फाईलीत टोपणनाव 'आयट्यून्स' असेल, दुसरीत नुसतं 'आय' असेल. मागचा पत्ता एकच असेल तर दोन्ही टॅग एकच.

पॉडकास्ट कुठून आला

आता आपल्या फाईलकडे येऊ. तिचं नाव आरएसएस फीड. मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत रामनाथन गुहा आणि डॅन लिबी यांनी पहिलं आरएसएस केलं. गुहा आयआयटी मद्रासचे बीटेक. पुढे डेव्ह वायनर यांनी ते आपल्या पद्धतीने वाढवलं. डिसेंबर २००० मध्ये त्यांनी 'एन्क्लोजर' नावाचा टॅग आणला, म्हणजे बातमीला जोडलेली ऑडिओ फाईल. पॉडकास्टचं बी इथे पडलं. 'पॉडकास्टिंग' हा शब्द मात्र २००४ मध्ये बेन हॅमर्सली या पत्रकाराने गार्डियनमधल्या एका लेखात पहिल्यांदा वापरला.

२००२ साली आरएसएस २.० आलं, आणि त्यात एक तडजोड झाली. ती तडजोड तेवीस वर्षांनी मला नडली.

तडजोड अशी: नवीन टॅग कोणालाही आणता येतील, पण ते नेमस्पेसमध्येच असले पाहिजेत. आरएसएसचे स्वतःचे टॅग मात्र कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसतील. कारण जुन्या आवृत्त्यांतल्या हजारो फीड त्याशिवाय लिहिलेल्या होत्या, आणि त्या मोडायच्या नव्हत्या. कारण रास्तच आहे. पण परिणाम काय झाला? एकाच फाईलीत काही नावं बिनघराची आणि काही घरवाली.

२८ जून २००५ ला ॲपलने आयट्यून्स ४.९ मध्ये पॉडकास्ट आणले आणि आपला नेमस्पेस जाहीर केला. भागाची लांबी, चित्र, मालकाचं नाव आणि ईमेल हे त्यात. २०१७ साली त्यात भागाचा क्रमांक, सीझन आणि वेगळं टायटल आलं. २०२० मध्ये ॲडम करी आणि डेव्ह जोन्स यांनी 'पॉडकास्ट' नावाचा आणखी एक मोकळा नेमस्पेस सुरू केला. त्यात ट्रान्सक्रिप्टचा टॅग आहे, म्हणजे तुम्ही आत्ता वाचताय त्या प्रकारच्या मजकुराचा पत्ता ठेवायची जागा.

एक बारीक गोष्ट. २०१९ मध्ये मॅकवरच्या आयट्यून्सचे तुकडे झाले. म्युझिक, टीव्ही आणि पॉडकास्ट अशी वेगळी ॲप आली. पण फीडमधला आयट्यून्सचा पत्ता आजही २००५ चाच आहे. आमचं गावही असंच. १८६२ साली नागपूरमधून वर्धा जिल्हा वेगळा झाला, वरचा कागद बदलला, गाव होतं तिथेच राहिलं. नेमस्पेसचा पत्ता एकदा ठरला की बदलायचा नसतो. तो बदलला तर त्यावर विसंबलेल्या सगळ्या फाईली एका रात्रीत परक्या होतील.

रात्री एक वाजता 'काम पूर्ण'

आता कबुली.

आपला पॉडकास्ट ज्या होस्टिंग सेवेवर होता, तिने या वर्षी सेवा बंद करत असल्याचा मेल पाठवला. तीस दिवसांची मुदत. त्या वेळी दोन्ही सीझन मिळून ६३ भाग होते. पहिल्यात ३६, दुसऱ्यात २७. सर्व्हरवर ऑडिओ फाईलींची नावं म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची खिचडी. कुठली फाईल कुठल्या भागाची, हे फक्त फीडमध्ये लिहिलेलं.

मी म्हटलं, यात काय आहे? पायथनमध्ये वीस ओळींची स्क्रिप्ट. फीड वाचायची, प्रत्येक भाग घ्यायचा, त्याचं नाव, लांबी आणि ऑडिओचा पत्ता काढायचा, डाउनलोड करायचं. एक मिनिटापेक्षा छोटे भाग म्हणजे ट्रेलर, ते वगळायचे. रात्री एक वाजता चालवली. पडद्यावर आलं, 'काम पूर्ण'. झोपलो.

सकाळी बघतो तर फोल्डर रिकामं.

काय झालं होतं? मी पायथनला सांगितलं होतं, 'ड्युरेशन शोध.' त्या नावाचा बिनघराचा टॅग फाईलीत नव्हताच. होता तो आयट्यून्सच्या घरातला ड्युरेशन. पायथनच्या दृष्टीने ही दोन पूर्ण वेगळी नावं. त्याने प्रामाणिकपणे उत्तर दिलं, 'नाही सापडलं.' माझ्या कोडने त्या 'नाही'चा अर्थ शून्य सेकंद असा घेतला. शून्य सेकंद म्हणजे ट्रेलर. सगळे ६३ भाग ट्रेलर ठरले आणि वगळले गेले. कुठेही लाल अक्षरात चूक दिसली नाही. 'टायटल' आणि 'एन्क्लोजर' मात्र व्यवस्थित सापडत होते, कारण ते आरएसएसचे स्वतःचे, बिनघराचे. २००२ ची ती तडजोड. अर्धं चालत होतं, म्हणून सगळं चालतंय असं वाटलं.

मग मी केलं ते दुसरं पाप, आणि हे खूप जण करतात. नेटवर सगळीकडे हाच उपाय मिळतो: नेमस्पेस काढूनच टाका. फाईलमधलं प्रत्येक कोलनवालं टोपणनाव पुसून टाकलं की राहिले साधे टॅग. स्क्रिप्ट पुन्हा चालवली. ड्युरेशन सापडली, ऑडिओ उतरायला लागले. मी चहा प्यायला गेलो.

परत येऊन मोजले. ३६ फाईली.

६३ पैकी ३६. मी 'भाग ७' उघडला. आबाजींचा आवाज ऐकायचा म्हणून उघडला, आणि ऐकू आला मीच, पहिल्या सीझनमधला, एसटीच्या प्रवासावर बडबडणारा.

कारण सांगतो. प्रत्येक भागात दोन टायटल होती. एक आरएसएसचं, पूर्ण नावाचं: सीझन, क्रमांक, विषय सगळं असलेलं. दुसरं आयट्यून्सचं, छोटं, फक्त 'भाग ७'. घरं पुसल्यावर दोघांचं नाव एकच झालं. माझी स्क्रिप्ट एकेक टॅग वाचत जायची आणि त्याच नावाचा पुढचा आला की आधीचा विसरायची. म्हणून फाईलचं नाव झालं 'भाग ७'. पण भाग ७ दोन्ही सीझनमध्ये होता! फीडमध्ये नवीन भाग आधी असतात. त्यामुळे दुसऱ्या सीझनचा भाग ७ आधी उतरला, आणि थोड्या वेळाने पहिल्या सीझनचा त्याच नावाने त्याच्यावर येऊन बसला. असे २७ च्या २७ गेले. दुसरा सीझन सगळा.

मी स्वतःच्या हाताने सगळे पिन कोड खोडले होते आणि वर विचारत होतो की पत्रं चुकीच्या केळझरला का गेली.

नशीब एवढंच की मुदत संपायला अजून सहा दिवस होते आणि सर्व्हरवर मूळ फाईली शाबूत होत्या. मुदतीच्या शेवटच्या रात्री हे केलं असतं तर? फोल्डरमध्ये ३६ फाईली बघून 'आल्या वाटतं सगळ्या' असं म्हणून झोपलोही असतो कदाचित.

बरोबर कसं करायचं

ऑडिओवर कोड वाचून दाखवण्यात अर्थ नाही, म्हणून पायऱ्या सांगतो. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये, ऑफिसात, कुठेही एक्सएमएल आली तर याच लागतील.

पहिली पायरी. फाईल आधी डोळ्यांनी उघडून बघा. अगदी वरच्या टॅगमध्ये एक्सएमएलएनएस अशी अक्षरं दिसतील. तिथे सगळ्या घरांचे पत्ते लिहिलेले असतात. ते जसेच्या तसे कॉपी करा. शेवटचा एक तिरका दांडा सुटला तरी ते वेगळं घर होतं.

दुसरी. स्क्रिप्टमध्ये एक छोटी डिक्शनरी करा. डाव्या बाजूला तुमचं टोपणनाव, उजवीकडे तो पत्ता. टोपणनाव फाईलमधलंच पाहिजे असं नाही, पत्ता मात्र तोच पाहिजे. पायथनमधलं एलिमेंट-ट्री हे फ्रेड्रिक लुंड यांनी लिहिलेलं, २००६ पासून पायथनसोबतच येतं. शोधताना ही डिक्शनरी त्याला द्यायची. आत तो काय करतो माहितीये? टोपणनाव फेकून देतो आणि महिरपी कंसात पूर्ण पत्ता, त्याला जोडून टॅगचं नाव, असं ठेवतो. जेम्स क्लार्क यांनी सुचवलेली ही लिहायची पद्धत. म्हणजे पायथन कधीच 'केळझर' म्हणत नाही, कायम 'वर्धा जिल्हा, सेलू तालुका, केळझर' असंच म्हणतो.

तिसरी. आतल्या आतला टॅग काढायचा असेल तर प्रत्येक पायरीवर घर सांगा. फीडमध्ये मालकाचा ईमेल असा असतो: चॅनल, त्यात आयट्यून्सचा ओनर, त्यात आयट्यून्सचा ईमेल. चॅनल बिनघराचा, पण पुढचे दोन्ही घरवाले. ओनरला टोपणनाव लावलं आणि ईमेलला विसरलात, की पुन्हा 'नाही सापडलं'. हा ईमेल मला का लागला? नवीन होस्टिंगवाले फीड तुमचीच आहे याची खात्री त्या पत्त्यावर कोड पाठवून करतात. माझा तिथे कॉलेजचा, केव्हाच बंद पडलेला ईमेल होता. जुन्या ठिकाणी लॉगिन चालू होतं तोवर बदलला, म्हणून वाचलो. तुमचा कुठला पॉडकास्ट असेल तर आजच बघा.

चौथी. काही फाईलींत टोपणनाव नसतंच, तरी घर असतं. ॲटम नावाच्या, २००५ साली मानक झालेल्या दुसऱ्या प्रकारच्या फीडमध्ये असंच असतं. दारावर एकदाच पाटी लावलेली, 'या घरातले सगळे अमुक आडनावाचे'. आत कोणी आडनाव लावत नाही. पण बाहेरून, म्हणजे तुमच्या स्क्रिप्टमधून, हाक मारताना पूर्ण नावानेच मारावी लागते. नवशिके सगळ्यात जास्त इथे अडकतात, कारण टॅग दिसायला अगदी साधा असतो. एक अपवाद: टॅगच्या आत लिहिलेले ॲट्रिब्यूट या पाटीखाली येत नाहीत. ट्रान्सक्रिप्टच्या टॅगमध्ये यूआरएल हे ॲट्रिब्यूट असतं, ते नुसतं 'यूआरएल' म्हणूनच मागायचं.

पाचवी. 'नाही सापडलं' आणि 'शून्य' यात फरक ठेवा. सापडलं नाही तर स्क्रिप्टने तिथेच थांबून ओरडलं पाहिजे. ड्युरेशन तरी किती प्रकारे लिहितात! कोणी नुसते सेकंद, कोणी तास-मिनिटं-सेकंद कोलनने तोडून. समजलं नाही तर अंदाज करू नका.

सहावी, आणि हीच मी केली नव्हती. शेवटी मोजा. आत किती आयटम होते, बाहेर किती फाईली आल्या. दोन आकडे जुळले की मगच 'काम पूर्ण' म्हणा.

नवीन पायथनमध्ये, २०१९ च्या ३.८ पासून, 'कुठल्याही घरातला चालेल' असं सांगायची सोयही आहे. घाईत बरी पडते. पण ज्या फाईलीत दोन टायटल आहेत तिथे ती वापरलीत, तर माझ्यासारखंच होईल.

६३

तिसऱ्या वेळी फाईलचं नाव मी असं ठेवलं: आयट्यून्सचा सीझन, आयट्यून्सचा भाग क्रमांक, मग आरएसएसचं मोठं टायटल. स्क्रिप्ट चालवली आणि या वेळी चहाला गेलो नाही. समोर बसून राहिलो. आत ६३. बाहेर ६३.

मग सीझन दोन, भाग सात उघडला. आधी गल्लीतल्या कुत्र्याचं भुंकणं, मग माझं 'आबाजी, सुरू करू का?' आणि मग त्यांचा खोकला. तो खोकला एडिटिंगमध्ये काढायचा राहून गेला होता. बरं झालं राहिला.

एक्सएमएल आता जुनी झाली, नव्या कामात लोक जेसन वापरतात, हे मलाही माहीत आहे. रोज ऑफिसात मीही तेच वापरतो. नेमस्पेसला शिव्या घालणारे प्रोग्रामर कमी नाहीत आणि त्यांची तक्रार खोटीही नाही. लांबलचक पत्ते, दिसायला सारखे पण वेगळे टॅग, सगळं वैतागवाणं आहे. पण मला आता त्यातला शहाणपणाही दिसतो. जगात तीन केळझर असणार, दोन सेलू असणार, एकचक्रा किती असतील ते असोत. कोणी कोणाला नाव बदलायला सांगू शकत नाही. आपण एवढंच करू शकतो की हाक मारताना घर सांगायचं.

सगळे ६३ भाग आता नवीन ठिकाणी आहेत. एक प्रत माझ्या हार्ड डिस्कवर, आणि एक केळझरला आबाजींच्या नातवाच्या फोनमध्ये. सीझन दोनच्या सातव्या भागाचं ट्रान्सक्रिप्ट आम्ही तेव्हा केलंच नव्हतं. ते आता लिहायला घेतलंय, त्यांच्या बोलीत, जसं बोलले तसं. पुढच्या आठवड्यात इथेच येईल.

तोपर्यंत, तुमच्या घरात कोणाचा आवाज एकाच ठिकाणी पडून असेल तर आज रात्री त्याची दुसरी प्रत करा. आणि केल्यावर मोजा.

भेटू पुढच्या भागात.